तो माणूस एकटाच का पडतो?

मालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कपाट लावत होते. सुती कपडे वर आणि लोकरीचे खाली. फोन तिच्या सुनेचा होता. मी “येते” म्हटलं, हातातला स्वेटर घडी करून ठेवला, राहिलेले ठेवले, कपाट बंद केलं आणि मग पलंगावर बसले. तुमच्या बाबांना माझा हा स्वभाव कधी आवडला नाही, पण काम अर्धवट टाकून रडायला बसणं मला जमत नाही. रडू आलं ते दुसऱ्या दिवशी, पेपर उघडल्यावर. तिच्या फोटोखाली छापलं होतं, ‘सोशिक, मनमिळाऊ, हसतमुख’. मनमिळाऊ होती, हसतमुखही होती. पण सोशिक हा शब्द वाचला आणि मला त्या चौकटीचा इतका राग आला की मी पेपर उलटा करून ठेवला. सोसायला लावणाऱ्यांनीच तो शब्द छापायला दिला होता.

ईशान, सई, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. पुरवणीत छापून आलं तर इतरांनीही वाचावं. मागे तुमच्या बाबांनी घरातल्या जुन्या रिळाचा व्हिडिओ करून घेतला आणि तुम्हाला तिकडे कॅनडात पाठवला. त्यात कोरड्या नदीच्या वाळूत काळा अंगरखा घातलेला, काजळाच्या मिशा काढलेला एक माणूस आहे. तो हवेत तलवार फिरवतो, अचानक त्याची मान उजवीकडे फिरते, मग डावीकडे, मग तो पोट धरून वाकतो आणि वाळूत कोसळतो. त्याच्यासमोर कोणीच नाही. तुम्ही हसून हसून लोळलात आणि सईने फोनवर विचारलं, “आजी, तो माणूस एकटाच का पडतो?” मी म्हटलं, सांगेन कधीतरी. मालू असताना ते सांगायचा हक्क तिचा होता. आता ती नाही… तेव्हा मी सांगते.

तो माणूस म्हणजे दिनूभाऊजी, तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. मालू ही दोघांचीही धाकटी बहीण, माझी नणंद. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही धरमपेठेत भाड्याच्या घरात राहत होतो. सासू-सासरे नव्हते, म्हणून आजोबाच घरातले वडीलधारे. त्यांची सरकारी नोकरी होती, मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, दिनूभाऊजी एम.ए. करत होते आणि मालू बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. दिनूभाऊजींना मारामारीच्या सिनेमांचं वेड होतं. बघण्याचं वेड सगळ्यांनाच असतं, त्यांना करण्याचं होतं. त्यांचा एक मित्र होता, अरविंद. त्याच्या मामांनी परदेशातून आठ मिलिमीटरचा छोटा कॅमेरा आणि तो सिनेमा दाखवायचं यंत्र आणलं होतं. आवाज मात्र त्या फिल्मवर येत नसे. दिनूभाऊजींनी ठरवलं की आपण डाकूचा सिनेमा काढायचा, दहा-बारा मिनिटांचा, पण अगदी नियमाप्रमाणे.

हे नियम ते मला जेवताना समजावून सांगत. म्हणत, वहिनी, तुमच्या इंग्रजीला व्याकरण असतं तसं फायटिंगलाही असतं. खलनायकाने हसलंच पाहिजे, आणि एकट्यानेच हसलं पाहिजे. बंदूक सुरुवातीलाच हातातून पडली पाहिजे, नाहीतर हाणामारी होणार कशी? पोलीस सगळं आटोपल्यावरच येतात. नायकाला तोंडावर फडकं बांधून घोड्यावरून यावं लागतं. घोडा म्हणून आमच्या गल्लीतल्या टांग्याचा घोडा ठरला. पण मागे टांगा नसला तर तो पाऊल उचलायला तयार होईना. शेवटी टांग्यासकटच आणला आणि अरविंदने फक्त त्याची मान आणि पुढचे पाय टिपले. व्हिडिओत तो घोडा इतका गंभीर का दिसतो, तर त्याच्या मागे टांग्यात टांगेवाल्यासकट आम्ही चौघं बसलो होतो.

नायक अरविंदच होणार होता. पण कॅमेरा मामांचा, तो दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला त्याचा जीव होईना. कॅमेऱ्यामागे उभं राहून कॅमेऱ्यापुढे मारामारी करता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्या दोघांच्या लक्षात आली तेव्हा आम्ही मौद्याजवळ कन्हान नदीच्या वाळूत पोचलो होतो. एस.टी.ने, डबे घेऊन, थंडीच्या दिवसांत. दिनूभाऊजी कपाळाला हात लावून बसले. मालू उन्हाचा उजेड चेहऱ्यावर पाडायला पत्रा धरून उभी होती. ती म्हणाली, “तोंडावर फडकंच बांधायचं आहे ना? मग मी चालते. मले सगळं पाठ आहे.” आणि खरंच पाठ होतं. महिनाभर ती अंगणात दिनूभाऊजींबरोबर सराव करत होती, कारण त्यांना सरावाला दुसरं कोणी मिळत नव्हतं.

सिनेमातला ठोसा लागत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवायचा. मूठ समोरच्याच्या नाकापुढून वीतभर अंतरावरून जाते, आणि त्याच क्षणी त्याने मान झटकायची. मधूनमधून नुसत्या मार खाणाऱ्यावरच कॅमेरा धरायचा. दिनूभाऊजी तिला सांगत होते, “मारणाऱ्याचं काही नाही वं, मार खाणाऱ्याचं काम आहे सगळं. त्यानं मान नाही फिरवली तर तू कितीही मार, कोणी मानत नाही.” मालू म्हणाली, “मग मी मारते. सोपं काम मले दे.”

अरविंदची पँट, आजोबांचा जुना खाकी शर्ट, डोक्याला फेटा, तोंडावर फडकं. तिने मारलं ते बघायला हवं होतं तुम्ही. तिच्या हालचालीत घाई नव्हती. हात मागे जायचा, क्षणभर थांबायचा, आणि मग असा यायचा की मी नदीकाठी दगडावर बसून दचकत होते. शेवटच्या दृश्यात दिनूभाऊजी वाळूत पडायचे आणि नायकाने त्यांच्या छातीवर पाय ठेवायचा, एवढंच ठरलं होतं. मालूने पाय ठेवला आणि कोणाला न विचारता तोंडावरचं फडकं खाली ओढलं, फेटा काढून फेकला. वेणी सुटून खांद्यावर आली. अरविंद कॅमेरा बंद करायचं विसरला. दिनूभाऊजी आडवे पडल्या पडल्या तिच्याकडे बघत राहिले आणि हसायला लागले. मग ते उठून ओरडले की हाच शेवट, डाकूने ज्याच्या भावाला मारलं ती त्याची बहीण सूड घ्यायला आली आहे, सगळी गोष्टच बदलली. परतीच्या एस.टी.त ती दोघं सबंध वाट भांडत होती, की आता पहिल्या दृश्यात भाऊ कोणाला करायचं.

फिल्म धुऊन मुंबईहून आली. दिनूभाऊजींनी तुकडे जोडले. आवाज नव्हता म्हणून मालूने तोही शोधून काढला. पडद्याची चादर बांधायची, चादरीमागे एक लोड ठेवायचा आणि पडद्यावर ठोसा पडला की कपडे धुवायच्या मोगरीने लोडावर हाणायचं. आंब्याच्या लाकडाची जड मोगरी होती ती. गल्लीतली पोरं यायची, शेजारणी यायच्या. पडद्यावर मालू, पडद्यामागे मालू. आजोबासुद्धा एकदा शेवटपर्यंत बसले आणि “ठीक जमलंय” म्हणाले. त्यांच्या तोंडून हे फार होतं. दिनूभाऊजी मुंबईला जाऊन कोणाला तरी हा सिनेमा दाखवायच्या तयारीत होते.

आणि मग मालूला बघायला पाहुणे आले. मुलगा हिंगण्याला कारखान्यात सुपरवायझर, घरचे चांगले, सगळं रीतसर. मालूने पोहे दिले, नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. बोलणं सिनेमावर आलं, मुलाच्या वडिलांनी आपल्याला फायटिंगचे सिनेमे फार आवडतात म्हणून सांगितलं, आणि दिनूभाऊजींना राहवलं नाही. बघायच्या कार्यक्रमात मुलीचं भरतकाम दाखवतात, गाणं म्हणायला लावतात. त्यांना वाटलं, आपल्या बहिणीला जे सगळ्यात चांगलं येतं ते दाखवू. खिडक्यांना चादरी लावून भर दुपारी अंधार केला, यंत्र सुरू केलं. मालूचा हात तर सवयीने मोगरीकडे गेलाच. पोह्यांचा ट्रे ठेवून ती काठापदराच्या साडीत चादरीमागे जाऊन बसली. शेवटी पडद्यावर वेणी सुटली तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलाची आई म्हणाली, “पोरीचा हात जोराचा आहे हो,” आणि सगळे हसले. सगळ्यात जास्त वेळ टाळ्या मुलगा वाजवत होता. पाहुणे गेल्यावर भांडी आवरताना मालू मला म्हणाली, “वहिनी, माणूस बरा वाटला. टाळ्या तरी मोकळ्या वाजवल्या.” तिने होकार दिला तो एवढ्यावर.

चार दिवसांनी मध्यस्थी करणाऱ्या काकू आल्या. मुलगी पसंत होती. पाहुण्यांना सिनेमाही आवडला होता, मुलाच्या वडिलांनी तर लग्नात पुन्हा दाखवा म्हणून निरोप दिला होता. फक्त त्यातून मुलगी तेवढी काढून टाका, असं म्हणणं होतं. उद्या कारखान्यातली माणसं बघतील, बरं दिसत नाही. काकूंनी हे असं सांगितलं, की जणू भाजीतून कढीपत्ता काढायचा आहे.

दिनूभाऊजी म्हणाले, तिला काढलं तर उरते काय त्यात? “मग तो सिनेमा कोणाचा राहते दादा?”

“तुझाच राहील. नाव तुझंच आहे ना त्याच्यावर?” आजोबा म्हणाले. ते चिडले नव्हते. तुमचे आजोबा कधीच आवाज चढवत नसत, हे तुम्ही त्यांच्याबद्दल ऐकलंय, आणि खरं आहे. मी म्हटलं, लग्न मोडलं तरी चालेल पण हे करू नका. त्यावर ते तितक्याच शांतपणे म्हणाले की तुझं इंग्रजी शाळेत ठेव. मालूचं मत कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी विचारलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली की त्यांच्या घरच्या मोठ्या माणसांची अट असेल, ते काय करणार बिचारे. टाळ्या वाजवणाऱ्याचा त्यात काही दोष असेल, हे तिच्या मनातही आलं नाही.

रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत कापाकापी झाली. आठ मिलिमीटरच्या फिल्मवरची चित्रं नखाएवढीही नसतात. आजोबांना काही दिसेना. दिनूभाऊजी कात्री हातात घेऊन बसून राहिले, त्यांच्याने पहिला काप घेववेना. तेव्हा मालू आतून आली. खिडकीशी उभी राहून तिने फिल्म उजेडात धरली, आणि बोट ठेवून दाखवू लागली. “हे मी. इथपासून इथपर्यंत मी. हे बी मी, पाठमोरी आहे. इथं दिनू एकटा आहे, हे राहू द्या.” आवाज अगदी सपाट, गहू निवडताना बायका बोलतात तसा. आजोबा कापत गेले. तुकडे तरी राहू द्या म्हटलं, तर म्हणाले, सापडले तर पुन्हा ताप. सगळे तुकडे अंघोळीच्या बंबात घातले. त्या वासाने गल्लीतली माणसं चौकशीला आली. आणि त्याच बंबाच्या पाण्याने त्या दिवशी आजोबांनी अंघोळ केली… पन्नास वर्षं संसार केला मी त्यांच्याबरोबर, बराचसा सुखाचा. पण ते पाणी मी विसरले नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, सीमांतपूजन झाल्यावर, व्याह्यांच्या आग्रहाखातर मंगल कार्यालयात सिनेमा दाखवला. दिनूभाऊजींनी यंत्र लावून दिलं आणि ते मागच्या दाराने निघून गेले. यंत्राबरोबर नेहमी असायची ती पिशवी, लोड आणि मोगरी, त्यांनी नवरीच्या खोलीत टाकून दिली होती. मी तिथेच मालूच्या केसांत गजरा माळत होते. खोलीचं दार किलकिलं होतं, त्यातून पडद्याचा कोपरा दिसत होता. बाहेर हशा सुरू झाला. डाकू हवेत तलवार फिरवतोय, त्याची मान आपोआप फिरतेय. वऱ्हाडी माणसं पोट धरून हसत होती. कोणीतरी ओरडलं, “अबे, याले भूत मारून राहिलं काय गा?” मालूने माझा हात बाजूला केला, पिशवीतून मोगरी काढली, लोड पुढे ओढला आणि पुढच्या ठोशाला हाणलं. बरोबर क्षणाला. मग पुढचा, मग पुढचा. पडद्याकडे ती फार बघतही नव्हती. बाहेर लोकांना वाटलं ही दिनूचीच करामत, ते आणखी हसले. शेवटी डाकू पडला, फिल्म संपली, पडदा पांढरा झाला. आणि त्यानंतर तिने आणखी एकदा हाणलं. त्या ठोशाला पडद्यावर कोणी नव्हतं. बाहेर पानं मांडल्याची हाक आली.

दिनूभाऊजींनी पुन्हा कॅमेरा हातात घेतला नाही. ते एका शाळेत चिकटले आणि तिथेच म्हातारे होऊन गेले. मोगरी मालूच्या सामानात सासरी गेली, कशी कोण जाणे.

तिचा नवरा, मधुकरराव, वाईट माणूस नव्हता असं सगळे म्हणतात. त्याने तिच्यावर हात उगारला नाही. त्याची एक गंमत होती फक्त. चारचौघांत मालूने काही वेगळं मत दिलं, हिशेबात चूक दाखवली, नको म्हटलं, की तो दोन्ही हात तोंडापुढे धरायचा आणि म्हणायचा, “बापरे, मारता का काय आता? फाइटर आहे बरं आमची.” आणि मान झटकायचा, ठोसा बसल्यासारखी. पाहुणे हसायचे. मालूही हसून चहा ओतायची. हे दर सणाला, दर बारशाला, मुलांच्या मित्रांपुढे, सुनेच्या माहेरच्यांपुढे. मान झटकायचं त्याला फार छान साधलं होतं. मालू हळूहळू मत द्यायची बंद झाली.

एका दिवाळीला मी त्यांच्याकडे राहायला गेले होते, त्यांचा मुलगा तेव्हा शाळकरी होता. फराळ करता करता मधुकररावाने आपणहून सांगितलं. “आईबाबांना कुठे अडचण होती? त्यांना तर आवडला होता सिनेमा. अट माझी होती. कंपनीच्या बसमध्ये लोक काय म्हणाले असते, सांगा ना.” मालू करंज्यांचं ताट घेऊन उभी होती. ती आत गेली. मी मागोमाग गेले. ती ओट्याशी उभी होती, मला म्हणाली, “टाळ्या वाजवणारा हात पाहून मी हो म्हटलं होतं वहिनी.” एवढंच. पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागी झाले ती न्हाणीतल्या आवाजाने. मालू कपडे धूत होती. घरात पुढे मशीन आलं तरी ती मोगरीनेच धुवायची. तिच्याकडे कपडे फार लवकर विरतात, अशी सासूची कायम तक्रार असे.

शेवटची भेट मी सांगून ठेवते. ती अंथरुणाला खिळली होती, हात काटकुळे झाले होते. मी माझ्या फोनवर तिला तो व्हिडिओ दाखवला, म्हटलं, पोरांना फार आवडला. ती डोळे बारीक करून बघत राहिली. दिनूभाऊजींची मान पहिल्यांदा फिरली आणि चादरीवरचा तिचा हात हलला. तळवा गादीवर हलकेच आपटला. मग पुन्हा. एका ठिकाणी तिने मला थांबवायला सांगितलं आणि म्हणाली, “पाह्य, इथं मी जरा उशिरा मारलं. दिनूनं सांभाळून घेतलं.” मी त्या रिकाम्या वाळूकडे बघत राहिले. शेजारच्या खुर्चीवर मधुकरराव पेपर वाचत होता.

आणि तेरवीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, फोटोसमोर उदबत्ती जळत असताना, कोणीतरी म्हणालं की फार शांत होत्या हो. मधुकरराव डोळे पुसत म्हणाला, “लग्नाआधी फाइटर होती बरं,” आणि ऐंशीच्या घरातल्या त्या माणसाने मान झटकली. लोक हसले, हळूच, अशा प्रसंगी हसतात तसे. मी हातातला पेला खाली ठेवला आणि म्हटलं, “मधुकरराव, ती मान दिनूभाऊजींची आहे. त्यांना ती मालूनं मारल्यावर फिरवायला मिळाली होती. तुम्हाला कोणी मारलं?” तो पुन्हा डोळे पुसायला लागला. मला वाटतं, त्याला खरोखरच कळलं नाही.

मालूच्या सुनेने विचारलं, आईंची एखादी साडी आठवण म्हणून नेता का? मी न्हाणीत गेले आणि मोगरी घेतली. आता ती माझ्या टेबलावर आहे, शब्दकोशाशेजारी. एका बाजूने लाकूड झिजून खोलगट झालंय, मुठीची जागा काळी गुळगुळीत झाली आहे. मी ती पुसून, तेल लावून ठेवली आहे, पण ठेवणीतली वस्तू म्हणून नाही. उचलली की अजून चांगली जड लागते.

तर आता तुम्ही काय करायचं ते सांगते. व्हिडिओ पुन्हा लावा. हसू आलं तर हसा, दिनूआजोबांनी ते हसण्यासाठीच केलंय. पण एकाने मोठी उशी घ्यायची आणि दुसऱ्याने लाटणं घ्यायचं. डाकूची मान फिरेल, त्या क्षणाला हाणा. आधी चुकेल. पुन्हा लावा. मान फिरायच्या किंचित आधी हात खाली यायला हवा, हे तुम्हाला दोन-तीनदा बघून कळेल. शेवटी तो वाळूत पडतो आणि वर बघून हसायला लागतो. तिथे थांबवा. त्याच्या छातीवर काळ्या अंगरख्याला वाळूचा ठसा दिसतो, नीट बघा. तिथे तिचा पाय आहे.

मग चित्र जाऊ द्या, पडदा काळा होऊ द्या, आणि आणखी एकदा हाणा. जोरात.